आधी तोल, मग पायडल : मोठेपणी सायकल शिकणाऱ्यांचे प्रश्न

प्रौढ वयात सायकल शिकण्याविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांत स्त्रियांची पत्रे अधिक आहेत आणि त्याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. ज्या घरात एकच सायकल होती, तेथे ती मुलाच्या वाट्याला आली आणि मुलीने फार तर ती पुसून ठेवली. अनेक प्रश्न एकमेकांच्या जवळचे असल्याने त्यांतील काही निवडून आणि पत्रे संक्षिप्त करून येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४७ आहे. लहानपणी सायकल शिकायची राहून गेली. गेला महिनाभर यजमान रोज पहाटे शाळेच्या मैदानावर मला शिकवत आहेत. ते मागून कॅरिअर धरून पळतात तोवर सायकल सरळ चालते. त्यांनी हात सोडला की मी लगेच पडते आणि बहुतेक वेळा डावीकडेच पडते. ‘हँडल घट्ट धर आणि पायडल मारत राहा,’ असे ते सांगतात. या वयात तोल येतच नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तोल वयामुळे अडलेला नाही. तुम्हाला तो शिकायलाच मिळालेला नाही, कारण महिनाभर तो तुमच्या वतीने यजमान सांभाळत आहेत. मागून कॅरिअर धरणारा माणूस सायकल कलू लागताच ती सरळ करतो, त्यामुळे कललेली सायकल सावरायची कशी, हे शिकणाऱ्याच्या हातांना कधी कळतच नाही. शिवाय धरणारा एका बाजूने पळत असला, तर शिकणारा नकळत त्याच बाजूला अंगाचा भार टाकू लागतो. यजमान तुमच्या डाव्या हाताला पळत असतील, तर तुम्ही डावीकडेच का पडता, याचे उत्तर बहुधा तेथेच आहे.

सायकल उभी राहते ती मुख्यतः हँडलामुळे. ती डावीकडे कलली की पुढचे चाक किंचित डावीकडे वळवायचे असते, म्हणजे चाके पुन्हा अंगाखाली येतात आणि सायकल सरळ होते; उजवीकडे कलली, तर उजवीकडे. भीती मात्र याच्या नेमके उलट करायला लावते. ज्या बाजूला पडतो आहोत तिच्यापासून दूर जावे असे वाटून हात हँडल विरुद्ध दिशेला ओढतात, त्याबरोबर चाके अंगाखालून निसटतात आणि जे पडणे टळले असते ते नक्की होते. हँडल आवळून धरले, तर एवढीही हालचाल होत नाही. सराईत माणसाच्या हातातले हँडलही सरळ रस्त्यावर सतत सूक्ष्मपणे हलत असते. पाण्याच्या डबक्यातून कोरड्या रस्त्यावर आलेल्या सायकलीचा माग पाहिला, तर पुढच्या चाकाची नागमोडी रेघ मागच्या चाकाच्या रेघेला पुन्हा पुन्हा छेदताना दिसते. म्हणून ‘हँडल घट्ट धर’ हा सल्ला कितीही आपुलकीने दिलेला असला, तरी तो बाजूला ठेवावा.

चाके फिरतात म्हणून ती भोवऱ्याच्या नियमाने उभी राहतात, असे स्पष्टीकरण आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलेले असते. त्या परिणामाचा थोडा हातभार लागत असला, तरी तोलासाठी तो आवश्यक नाही. नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील कॉर्नेल या विद्यापीठांशी संबंधित संशोधकांनी २०११ मध्ये एक छोटी प्रायोगिक सायकल सादर केली, जिच्यात उलट्या दिशेने फिरणारी जादा चाके बसवून हा परिणाम पुसून टाकलेला होता. तरीही ढकलून दिल्यावर ती स्वाराविना तोल सांभाळून धावली, कारण ती कलताच पुढचे चाक त्याच बाजूला वळेल अशी तिच्या वजनाची मांडणी केलेली होती. शिकणाऱ्याने यातून घ्यायचे ते एवढेच की पडण्याच्या बाजूला हँडल वळू देणे हेच सारे कौशल्य आहे. वेगाचे महत्त्वही त्यातूनच समजते. सायकल सावकाश चालत असेल, तर चाके अंगाखाली आणण्यासाठी हँडल पुष्कळ वळवावे लागते. थोडा वेग असला की जरासे वळवून भागते. माणसाच्या चालीहून कमी वेगात जुने सायकलस्वारही डगमगतात आणि आपण नवशिक्याला मात्र ‘हळूहळू चालव’ असे सांगत असतो.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. सायकलची दोन्ही पायडल काढून टाका. उजव्या पायडलचे आटे नेहमीसारखे असतात आणि डाव्याचे उलटे असतात, कारण सायकल चालताना ते आपोआप सैल होऊ नये. त्यामुळे ‘वरच्या बाजूने पाना मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही सुटतात’ एवढे लक्षात ठेवावे, किंवा सरळ सायकलवाल्याकडून काढून घ्यावीत. नंतर सीट इतके खाली करा की बसल्यावर दोन्ही तळपाय गुडघे किंचित वाकवून जमिनीवर सपाट टेकतील. जुन्या धाटणीच्या उंच, जड, दांडीच्या सायकलवर हे जमत नाही. त्यासाठी दांडी नसलेली, २४ किंवा २६ इंची चाकांची आणि हलकी सायकल मिळवावी. टायरमध्ये हवा पुरेशी असू द्यावी. मैदानातील गवत किंवा भुसभुशीत माती मऊ वाटते म्हणून नवशिके ती निवडतात, परंतु तेथे चाक ओढल्यासारखे चालते आणि वेग मिळत नाही; गुळगुळीत डांबरी किंवा काँक्रीटची मोकळी जागा अधिक सोयीची असते.

अशा सायकलवर बसून प्रथम नुसते चालायचे, मग दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत लांब टांगा टाकायच्या आणि सायकल पळू लागली की पाय उचलून जितके अंतर जाता येईल तितके जाऊ द्यायचे. नजर पुढच्या चाकावर न ठेवता दहा-पंधरा पावले पुढे ठेवायची. सुरुवातीला दोन-तीन हात अंतर गेले, तरी पुरे. पाय जमिनीपासून वीतभरच वर असल्यामुळे पडण्याची भीती मनातून उतरते आणि भीती उतरली की खांदे सैल पडतात, हात मोकळे होतात आणि हँडल आपणहून योग्य बाजूला वळू लागते. या टप्प्यावर कोणीही धरायचे नाही. यजमानांना लांब उभे राहू द्या. अगदी सौम्य उतार मिळाला, तर उत्तमच, मात्र उतारावर जाण्यापूर्वी ब्रेक दाबून थांबण्याचा सराव सपाटीवर करून घ्यावा. आपल्याकडील बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डाव्या हाताचा मागच्या चाकाचा असतो. दोन्ही एकत्र आणि हळूहळू दाबायचे, पुढचा एकटाच कचकन दाबायचा नाही.

पाय उचलून मैदानाचा बराचसा भाग सरळ जाता आले आणि हलके वळणही घेता आले की पायडल परत लावावीत, पण सीट इतक्यात उंच करू नये. निघताना उजवे पायडल पुढच्या बाजूला, घड्याळातल्या दोनच्या काट्याइतके वर आणून त्यावर पाय ठेवावा, डाव्या पायाने जमीन रेटावी आणि उजव्या पायाने पायडलवर पूर्ण भार देऊन खाली दाबावे. त्या पहिल्या दाबातच सायकलला तोलापुरता वेग मिळतो. दुसरा पाय पायडल शोधायला वेळ लावेल, पण त्याने बिघडत नाही, कारण पायडलविना सायकल कशी जाते हे तुम्हाला तोवर ठाऊक झालेले असेल.

सायकलचा इतिहासही याच क्रमाने घडला आहे. कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे चालवून दाखवलेल्या लाकडी दुचाकीला पायडल नव्हतेच. स्वार पायांनी जमीन रेटत पुढे जाई. पुढच्या चाकाला पायडल लावलेल्या दुचाक्या पॅरिसमध्ये चालू लागल्या त्या १८६० च्या दशकात. त्या काळी ही वस्तू मोठ्यांचीच होती आणि ती चालवायला शिकवणाऱ्या खास शाळा युरोप-अमेरिकेतील शहरांत निघाल्या होत्या, जेथे लांब कोट घातलेली प्रतिष्ठित माणसे शुल्क भरून धडपडत असत. सायकल लहानपणीच शिकायची असते, हा समज त्यानंतरचा आहे.

सराव एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक करू नये. दमलेले अंग चुका घोकते, आणि आज जमले नाही ते एका रात्रीच्या झोपेनंतर पुष्कळदा जमते. पायडलविना तोल यायला कोणाला एक दुपार लागते, कोणाला दोन आठवडे. त्यावरून पुढे कोण चांगली सायकल चालवेल, हे ठरत नाही.

प्रश्न : लहान मुलांच्या सायकलला असतात तशी बाजूची दोन चाके मोठ्या सायकलला लावून शिकावे का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : नाही. बाजूची चाके असलेली सायकल कलतच नाही, त्यामुळे ती हँडलाने तिचाकीसारखी वळवावी लागते आणि हाताला लागलेली ही सवय चाके काढल्यावर मोडून काढावी लागते. ज्यांना कानाच्या किंवा मज्जासंस्थेच्या कायमच्या विकारामुळे दोन चाकांवर तोल राखता येणे शक्य नाही, त्यांनी प्रौढांसाठी मिळणारी तीन चाकी सायकल कायमची वापरावी. त्यात कमीपणा नाही, पण ती दुचाकीची पहिली पायरीही नाही.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. चालण्याऐवजी सायकल चालवावी, असे डॉक्टर सुचवतात. परंतु मला सायकल येतच नाही, हे त्यांना सांगायचा संकोच वाटला. या वयात शिकण्याचे धाडस करावे का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : संकोच बाजूला ठेवून डॉक्टरांना ते आधी सांगा, कारण सायकल चालवणे आणि सायकल शिकणे या त्यांच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. चालवताना शरीराचा भार सीटवर जातो आणि गुडघ्यांना चालण्यातले धक्के बसत नाहीत, म्हणून सांध्यांच्या दुखण्यात तिचा सल्ला दिला जातो. शिकताना मात्र पडण्याची शक्यता असते आणि तिचा विचार गुडघ्यांपेक्षा वेगळ्या अंगाने करावा लागतो. हाडे ठिसूळ झाली आहेत का, रक्त पातळ ठेवण्याचे औषध चालू आहे का, मान वळवल्यावर किंवा उठून उभे राहिल्यावर चक्कर येते का, हे तीन प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारावेत. रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्याच्या डोक्याला लागलेला साधा मारही गंभीर ठरू शकतो. या बाबतीत त्यांनी हिरवा कंदील दाखवला, तर वय आड येण्याचे कारण नाही.

टॉलस्टॉय यांनी १८९५ मध्ये, वयाची पासष्टी उलटल्यावर, मॉस्कोमधील घोडेस्वारीच्या सभागृहात सायकलचे धडे घेतले होते. फ्रान्सेस विलर्ड या अमेरिकी समाजसुधारक बाईंचे उदाहरण मला अधिक उपयोगाचे वाटते, कारण त्यांनी आपल्या शिकण्याचा हिशेब लिहून ठेवला आहे. वयाच्या ५३व्या वर्षी त्या शिकल्या, त्याला सुमारे तीन महिने लागले आणि रोजचा सराव सरासरी पाव तासाचा होता. तुमची गती त्याहून कमी असण्याचे काही कारण मला दिसत नाही, विशेषतः पायडल काढून सुरुवात करण्याची वर सांगितलेली पद्धत त्यांच्या हाताशी नव्हती, हे लक्षात घेता.

गुडघ्यांसाठी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. शिकताना सीट खाली असते आणि शिकून झाल्यावर पुष्कळ लोक भीतीपोटी ते तसेच ठेवतात. खाली ठेवलेल्या सीटवर गुडघा प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो आणि त्याच वाकलेल्या स्थितीत त्यावर जोर येतो. ‘सायकलने गुडघे दुखू लागले’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. चालवण्याचा धीर आला की सीट थोडे थोडे वर घ्यावे, शेवटी इतके की टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ होईल, म्हणजे प्रत्यक्ष चालवताना तळपायाचा पुढचा भाग पायडलवर असल्याने गुडघा थोडासाच वाकलेला राहील. तुमच्या गावात चढ-उतार आहेत. गिअरची सायकल घेतली, तर चढावर हलका गिअर टाकून गुडघ्यांवरचा जोर वाचवता येईल. हातमोजे जरूर घ्यावेत, कारण पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि मार तळहाताला व मनगटाला बसतो. हेल्मेटचे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : मी नाशिकमध्ये रोज गर्दीतून स्कूटर चालवते. सायकल मात्र घेतली की दहा फुटांत पाय टेकवावा लागतो. दोन्हींना दोनच चाके असताना असे का व्हावे? माझ्या नणंदेचा प्रश्न उलटा आहे. सायकल येत नसेल, तर स्कूटर शिकताच येणार नाही, असे तिला सांगितले गेले आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : स्कूटरवर वेग मनगटाच्या एका पिळात मिळतो, म्हणजे ज्या मंद गतीत डगमगायला होते ती गती तुम्ही क्षणात ओलांडून जाता आणि तोवर पाय जमिनीलगतच असतात. सायकलवर तोच वेग पायांनी कमवावा लागतो आणि पायडलचा प्रत्येक दाब सायकलला थोडे त्या बाजूला कलवतो. सायकल वजनाने हलकी असल्याने तुमच्या अंगाची प्रत्येक हालचाल तिला जाणवते. त्यामुळे तुमची अडचण तोलाची नसून निघतानाच्या पहिल्या दोन-तीन पायडलांची आहे. पायडल काढण्याची तुम्हाला कदाचित गरजही पडणार नाही; सीट खाली करून, पाय रेटत वेग घेऊन, वेग आल्यावर पायडलवर पाय ठेवण्याचा सराव करून पाहा.

नणंदेला सायकलची पूर्वअट कायद्याने नाही, परंतु सल्ला अगदीच वाया जाणारा नाही. ज्याला सायकल येते त्याला स्कूटरवर केवळ अॅक्सिलरेटर, ब्रेक आणि वजन यांचीच ओळख करून घ्यायची असते; ज्याला ती येत नाही तो घाबरल्यावर तोल सावरण्यासाठी हँडल आवळतो आणि त्याच मुठीने अॅक्सिलरेटरही पिळतो, आणि शिकाऊ स्कूटर भिंतीवर जाते ती अशी. आठ-दहा दिवस पायडलविना सायकलवर घालवून मग स्कूटरकडे वळावे, असे मी सुचवेन. मोटर लावलेली सायकल हा दोहोंच्या मधला मार्ग म्हणून अनेकजण विचारतात. मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ठरावीक अटींवर तिला मोटार वाहन मानले जात नाही आणि परवाना लागत नाही. तोल शिकण्यासाठी मात्र मोटर बंदच ठेवावी.

प्रश्न : माझी आई ५५ वर्षांची आहे. तिला सायकल शिकायची इच्छा आहे, पण ती साडीच नेसते आणि ‘लोक हसतील’ म्हणून सोसायटीच्या आवारात यायला तयार होत नाही. मी तिला कसे शिकवावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही तिला शिकवण्यापेक्षा जागा, सायकल आणि वेळ यांची सोय करून द्यावी. पाठीमागे धावणाऱ्या मुलाची धाप ऐकून आई स्वतःच्या तोलापेक्षा मुलाचीच काळजी करत बसते. अगदी धीर द्यायचाच असेल, तर हँडल किंवा कॅरिअर न धरता तिच्या पाठीवर, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये, तळहात हलकेच ठेवून बाजूने चालावे, म्हणजे सायकल तिच्याच ताब्यात राहील. सूचना एका वेळी एकच द्यावी. ‘समोर बघ’ ही सर्वांत उपयोगी आहे, कारण नवशिका ज्या खांबाला घाबरून पाहत राहतो त्याच खांबाकडे सायकल जाते.

साडीचा प्रश्न खरा आहे, पण नवा नाही. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई त्या काळात साडी नेसून सायकलवरून कामाला आणि कॉलेजला जाणाऱ्या स्त्रिया तेथील रस्त्यांवर नेहमीच्याच होत्या. लेडीज सायकलची खाली वाकवलेली दांडी, साखळीवरचे पूर्ण आच्छादन आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ताणलेली जाळी, ही सारी व्यवस्था पायघोळ वस्त्रासाठीच केलेली असते. आता मिळणाऱ्या अनेक सायकलींवर ती नसते. खरेदी करताना मागून घ्यावी किंवा नंतर बसवून घ्यावी. पदर कमरेला घट्ट खोचावा. ओढणी असेल, तर ती घरीच ठेवावी, कारण चाकात अडकलेली ओढणी गळ्याला फास लावते आणि असे अपघात जीवघेणे ठरलेले आहेत. मात्र पायडल काढून टांगा टाकायच्या टप्प्यावर साडी अडचणीचीच ठरते. तेवढे दिवस आईंना सलवार चालणार असेल, तर पाहावे.

लोकांच्या हसण्याविषयी तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्याचे उदाहरण त्यांना जरूर सांगा. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे साक्षरतेची मोठी चळवळ झाली आणि तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने सायकल शिकणे हा त्या चळवळीचाच भाग करण्यात आला. शेतमजूर, दगडखाणीत राबणाऱ्या बाया, अंगणवाडी सेविका, परिचारिका अशा हजारो स्त्रिया तेव्हा सायकल शिकल्या आणि त्यांत वयाने मोठ्या, संसारी स्त्रिया पुष्कळ होत्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी दांडीच्या सायकली चालवल्या. दांडीवर मुलाला बसवता येते म्हणून काहींना त्याच अधिक पसंत पडल्या. त्यांच्यावर शेरे मारणारे लोक तेथेही होतेच. परंतु एकटी बाई सायकलवर दिसली की गाव पाहत राहते, आणि रोज वीस दिसू लागल्या की पाहणे थांबते. तुमच्या सोसायटीत आईंच्या वयाच्या आणखी दोघी-तिघी हीच इच्छा मनात ठेवून बसल्या असण्याची शक्यता पुष्कळ आहे. त्यांना शोधून काढा.

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे राहायला आलो आहोत. येथे शेजारच्या आजीबाईसुद्धा सायकलवर बाजारहाट करतात आणि मुलांना शाळेत सोडायचे, तरी सायकलच लागते. मी ३६ वर्षांची असून पूर्ण नवशिकी आहे. येथे काही वेगळी काळजी घ्यावी लागेल का?
— एक वाचक, आइंडहोव्हन

उत्तर : शिकण्यासाठी याहून सोयीचा देश सापडणे कठीण आहे. जमीन सपाट, सायकलींचे मार्ग बहुतेक ठिकाणी वेगळे, आणि बाहेरून आलेल्या प्रौढांना, विशेषतः स्त्रियांना, सायकल शिकवणारे वर्ग तेथील अनेक गावांत वस्तीपातळीवर चालतात. नगरपालिकेत किंवा वस्तीच्या केंद्रात चौकशी करा. वर्गात जाण्याचा अधिकचा लाभ असा की तोलाबरोबर तेथील रहदारीचे नियमही शिकवले जातात आणि तुम्हाला खरी अडचण त्यांचीच येईल.

तेथे वाहतूक उजव्या बाजूने चालते. जेथे चिन्ह नसते अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते आणि तो हक्क सायकलस्वारालाही आहे. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची रांग टोके तुमच्याकडे करून रंगवलेली दिसली, तर आडव्या रस्त्यावरून येणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचे. अंधारात पुढे व मागे दिवा सक्तीचा आहे आणि सायकल चालवताना मोबाइल हातात धरण्यास २०१९ पासून बंदी आहे.

सायकलच्या ब्रेककडे विशेष लक्ष द्या. तेथील पुष्कळ साध्या सायकलींना मागचा ब्रेक हातात नसून पायात असतो, म्हणजे पायडल उलटे फिरवले की सायकल थांबते. आपल्याकडे निघण्यापूर्वी पायडल उलटे फिरवून हव्या त्या उंचीवर आणतो, तसे अशा सायकलवर करता येत नाही. मागचे चाक किंचित उचलून किंवा सायकल थोडी पुढे ढकलून पायडल जागेवर आणावे लागते. ज्या सायकलींचे दोन्ही ब्रेक हातात असतात त्यांत पुढच्या चाकाचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो, भारतातल्या रिवाजाच्या उलट. सुट्टीत गावी आल्यावर याचा घोळ होतो, म्हणून दोन्हीकडे सायकल हातात घेतल्यावर आधी ब्रेक दाबून पाहावा. मुलाला पुढच्या किंवा मागच्या आसनावर बसवण्याची घाई करू नका. एकट्याने चालवताना एक हात सोडून वळण्याची खूण करता येऊ लागली, मागे वळून पाहताना सायकल सरळ राहू लागली आणि अचानक थांबून पाय टेकता येऊ लागला की मगच मुलाला घ्यावे, आणि तेही आधी तेवढ्याच वजनाचे सामान बांधून पाहिल्यावर.

प्रश्न : मैदानात मला आता सायकल चालवता येते. रस्त्यावर मात्र बस मागून आली की हात थरथरतात. रस्त्यावर कधी उतरावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मैदानात चार गोष्टी जमतात का, ते पाहा: खडूने आखलेल्या हातभर रुंद पट्ट्यातून सरळ जाणे, त्याच पट्ट्यात राहून उजव्या खांद्यावरून मागे पाहणे, उजवा हात लांब करून काही क्षण चालवणे आणि कोणी ‘थांब’ म्हटल्याबरोबर दोन्ही ब्रेक लावून डावा पाय टेकणे. यांतील मागे पाहणे सर्वांत अवघड असते, कारण मान वळली की खांदा वळतो आणि खांद्यामागून हँडल. मागे उभ्या असलेल्या माणसाने किती बोटे दाखवली ते सांगायचे, असा सराव केला, तर ते लवकर जमते.

नंतर रविवारच्या सकाळी, दुकाने उघडण्यापूर्वी, ओळखीच्या गल्ल्यांतून फिरावे. अगदी कडेला चिकटून चालवण्याची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. कडेला खडी, गटारांच्या जाळ्या आणि खचलेला डांबर असतो आणि तेथून दचकून आत वळावे लागते ते नेमके मागची गाडी जवळ आलेली असताना. कडेपासून दोन-तीन फूट आत, परंतु सरळ रेषेत चालणारा सायकलस्वार मागच्या चालकाला दिसतो आणि त्याचा अंदाजही येतो. उभ्या मोटारींच्या रांगेपासून दार उघडेल इतके अंतर ठेवावे. मागून बस आलीच, तर तिच्याकडे पाहू नये. समोर पाहत पायडल मारत राहावे, कारण वेग कमी केला की सायकल डगमगते. पावसाळ्यात रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे निसरडी होतात आणि चाकाच्या कडेवर दाबला जाणारा ब्रेक ओला झाल्यावर उशिरा धरतो. पहिला पावसाळा सुरू होईपर्यंत पुरेसा सराव झाला नसेल, तर भर पावसात रस्त्यावर उतरू नये.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायचे असेल, तर पहिले काही महिने उतरून, सायकल हाताने ढकलत, पादचाऱ्यांबरोबर रस्ता ओलांडावा.